जागृतीचा घास

पाचव्या फेरीला चंद्रकांताने भिंत धरली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मीटर. सहा मिनिटांत जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या होत्या. घड्याळ घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, "थांबू नका मावशी, अजून साडेतीन मिनिटं आहेत."

"थांबले कुठे? जरा बघत्ये," चंद्रकांता म्हणाली, आणि भिंतीवर लावलेला लसीकरणाचा कागद वाचल्यासारखं करू लागली. डावी पोटरी ओलं लुगडं पिळावं तशी आतून पिळली जात होती. कपाळावर घाम आला. कागदावरच्या बाळाच्या चित्राकडे ती टक लावून पाहत राहिली.

बाकावर बसलेली जागृती उठली. तिनेही भिंत धरली, तोंड वाकडं केलं आणि डोळे बारीक करून त्याच कागदाकडे पाहू लागली. रांगेतली माणसं हसली. जागृती एक्केचाळीस वर्षांची होती. बोलायला तिच्याकडे सात-आठच शब्द होते, पण समोरच्या माणसाची नक्कल ती हुबेहूब करी. वाडीत आलेल्या तलाठ्याची तिने एकदा त्याच्यासमोरच केली होती.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर आर्याने दंडाला आणि मग घोट्याला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला.

"हाताला दीडशे, पायाला ऐंशी. म्हणजे पायापर्यंत निम्मंच रक्त पोचतंय मावशी. मांडीतली धमनी आतून बुजत आलीय. मानेतल्याही कडक झाल्यात."

"पण मी दिवसभर वाडीत राबते. बसून खाणारी बाई नाही मी."

"वाडीत सलग किती चालता? न थांबता?"

वाडीत सलग कोण चालतं? चार पावलं गेलं की केळीचं सुकं पान ओढायचं, पाटात अडकलेला पाला काढायचा, पडवळाचा वेल मांडवावर चढवायचा. पोटरी दुखायच्या आत कामच तिला थांबवत आलं होतं. किती वर्षांपासून, हे तिला सांगता आलं नसतं.

"तंबाखू?"

"छे! आमच्या घरात कोणी शिवत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवर जागृतीने उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घातलं, डोळे अर्धे मिटले आणि दातांवरून ते सावकाश या गालापासून त्या गालापर्यंत फिरवू लागली. मान डोलवली. मग कचऱ्याच्या डब्याकडे वळून थुंकल्याचं सोंग केलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मशेरी?"

"ती तर दात घासायला."

"किती वेळा घासता?"

"सकाळी. जेवल्यावर. दुपारच्या चहाआधी. निजताना."

"एवढे दात कोण घासतं हो मावशी?" डॉक्टर हसली, पण लगेच गंभीर झाली. "तंबाखूच भाजून केलेली असते ना ती? तिनेच बुजवल्यात या नसा. आतून फुगा घालून धमनी मोकळी करता येते. तीन दिवस राहावं लागेल."

"तीन दिवस जमायचं नाही."

"घरी कोणी नाही?"

चंद्रकांताने जागृतीकडे पाहिलं. "ही आहे ना."

जागृती आईच्या हाताशिवाय कोणाच्या हातचं खात नसे. चमचा दिला तर भिरकावून देई. सहा वर्षांपूर्वी चंद्रकांताचा भाऊ वारला, तेव्हा ती दोन दिवस डहाणूला गेली होती. तिसऱ्या दिवशी जागृतीला सलाईन लावावं लागलं. दोन दिवस तिने दात आवळून धरले होते. मुलगा आणि सून, दोघांनी हात टेकले. तेव्हापासून चंद्रकांता एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. नवऱ्याच्या, हरिश्चंद्राच्या, अस्थीही मुलाने, विपुलनेच एकट्याने नेल्या. मरायची भीती तिला वाटत नव्हती. आपल्यानंतर जागृती किती दिवस काढेल याचा हिशेब मात्र तिच्या मनात कायम असे. तीन दिवस. फार तर चार.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. "बरं. तीन महिने देते. मशेरी आजपासून बंद. रोज सकाळी सपाट रस्त्यावर चालायचं. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, ओसरलं की पुन्हा चाला. अर्धा तास. औषधं चुकवायची नाहीत. चालून चालून रक्त आपली आडवाट शोधतं कधीकधी."

*

सांडोरला घराच्या कुंपणापलीकडे अँजेलाचं घर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आल्या. मशेरी दोघी मिळून भाजत. धूर नाकात जातो म्हणून वाडीच्या टोकाला तीन दगडांची चूल होती. एका महिन्याला तवा हिचा, पुढच्या महिन्याला तिचा.

चंद्रकांताने आपली डबी कुंपणावरून पुढे केली. "घे. मला नको आता."

"का गो, दात पडले काय सगळे?"

"पाय पडेल म्हणाली डॉक्टरीण."

"लावायची दाताला आणि पडणार पाय? कुठे शिकली ती?"

"तूही सोड, अँजेला."

"बघू," अँजेला म्हणाली आणि डबी झग्याच्या खिशात टाकली.

चार दिवस चंद्रकांताचं डोकं ठणकलं. पोट साफ होईना. हात उगाच फळीवर डबी शोधत जाई. आठव्या दिवशी बोटाला साबणाशिवाय कसला वास उरला नाही.

सकाळी उजाडलं की ती जागृतीचा हात धरून रस्त्याला लागे. पहिल्या दिवशी वळणावरच्या क्रुसापर्यंतही पोचली नाही. मधे दोनदा थांबली. रस्त्यावरच्या बायका विचारत, "काय काकी, नोकरी लागली काय? वाडीत काम संपलं?" जागृती त्यांचीही नक्कल करी. पोटरी पिळली की चंद्रकांता उभी राही, मनात पन्नास म्हणे, पुन्हा पाऊल टाकी. घरी आल्यावर पडवीत खांब धरून टाचा वर उचलायच्या, स्टुलावरून हाताचा आधार न घेता उठायचं. दहा वेळा. जागृती समोर बसून तसंच करी, आणि तिला ते जास्त चांगलं जमे.

डिसेंबरात ती न थांबता क्रुसापर्यंत गेली. नाताळाच्या आठवड्यात बेकरीपर्यंत. त्या दिवशी तिने गरम पाव घेतले आणि बेकरीच्या पायरीवर बसून उगाच रडली. जागृतीनेही डोळे पुसले.

पण जागृती खाईनाशी झाली होती. आईच्या हातचंही. पूर्वी पहिल्या घासालाच हसायची. आता घास तोंडाशी नेला की आईची बोटं हुंगायची, मान वळवायची, आणि पुष्कळ मनधरणी केल्यावर तोंड उघडायची. निम्मा भात ताटात राही. नवीन वर्ष लागलं तेव्हा झंपर अंगावर लोंबत होता. चंद्रकांताने खोबरं जास्त घातलं, बोंबील भाजले, गूळ दिला. 'कळलंय हिला,' ती मनाशी म्हणे, 'आई आता आपल्यासाठी उठत नाही, रस्त्यासाठी उठते.' आणि तरी ती रस्त्याला जाई, कारण नाही गेली तर काय, ते तिला माहीत होतं.

जानेवारीत विपुलने विरारहून बूट आणले. पांढरे, चिकटपट्टीचे.

"चपलेवर काय चालतेस आई. यात बघ कशी पळशील."

तिने ते आठ दिवस घातले. डाव्या पायाच्या करंगळीवर फोड आला, फुटला आणि तसाच राहिला. हळद भरली, तो वाळेना. पंधरा दिवसांनी त्याच्या कडा काळ्या झाल्या. ती मोजा घालून झाकत राहिली. एक दिवस जागृतीने तिच्या पायाकडे बोट दाखवून नाक दाबलं.

डॉक्टर आर्याने मोजा काढला आणि जखमेच्या कडा दाबून पाहिल्या.

"चालण्याने फरक पडला होता मावशी. खरंच पडला होता. पण जखम भरायला रक्त लागतं, ते एवढं पोचत नाही. आता थांबता येणार नाही. बुधवारी दुपारी दाखल व्हा, गुरुवारी सकाळी करू. शनिवारी घरी."

"आणि नाही केलं तर?"

"आधी बोट जाईल. मग पाऊल. मी घाबरवत नाही तुम्हाला."

एका पायावर जागृतीला न्हाऊ कशी घालायची, याचा विचार करत चंद्रकांता माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत आली. दोनदा ती चुकीच्या रांगेत उभी राहिली.

*

रविवारी विपुल आणि सून नेत्रा आले. नेत्राने हात स्वच्छ धुतले, मऊ भात कालवला आणि जागृतीसमोर मांडी घालून बसली.

"जागू, आ कर. बघ, काऊचा घास."

जागृतीने तिची बोटं हुंगली आणि दात आवळले. नेत्रा तासभर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विपुल म्हणाला, "आई, तिलाही दवाखान्यात नेऊ. मी सांगतो त्यांना."

"पहिला दिवस काचेच्या खोलीत ठेवतात मला. तिथे तुलाही सोडणार नाहीत."

"मग नळीने—"

"नळी," चंद्रकांता म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

सोमवारी तिने ठरवलं की भूक लागली की खाईल. सकाळी चहाही दिला नाही. ताट आणि चमचा जागृतीपुढे ठेवला आणि स्वतः पाठ करून बसली. दहा वाजले. बारा वाजले. भात वाळून टणक झाला. जागृतीने एकदा चमचा उचलून आईकडे धरला. चंद्रकांताने हात मागे घेतला.

"तूच खा. खा म्हणते ना! मी मेले तर कोण देणार आहे तुला?"

जागृतीने ओठ घट्ट मिटले. चंद्रकांताने तिच्या गालावर चापट मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज पडवीभर झाला.

जागृतीने आईकडे पाहिलं. मग तसाच हात उचलून तिने आपल्याच दुसऱ्या गालावर मारली. तेवढ्याच जोरात.

चंद्रकांता उठून मागच्या ओट्यावर गेली आणि तोंडात पदराचा बोळा घालून बसली. घशातून बाहेर पडणारा आवाज जागृतीने ऐकू नये, कारण तिने तोही केला असता.

तीन वाजायच्या सुमाराला अँजेला आली. तिचं बोट तोंडात होतं. ओट्याच्या कडेला, केळीच्या बुंध्याशी ती थुंकली, मोरीतल्या पाण्याने चूळ भरली.

"बातमी आणल्ये," ती म्हणाली. "तू तीन महिने माझं डोकं खाल्लंस ना? बुधवारपासून सोडत्ये. राखेचा बुधवार आहे, उपवासकाळ लागतो. काल फादरना सांगून आले. देवाला शब्द दिला म्हणजे सुटतं. आज आणि उद्या काय ती शेवटची." मग तिने चंद्रकांताचं तोंड पाहिलं. "काय झालं गो?"

"जेवली नाही कालपासून."

"कोण, आमची राणी?" अँजेला आत गेली. जागृतीपुढचं ताट पाहिलं, भातावर गरम वरण ओतून आणलं आणि बसल्या बसल्या एक घास उचलला. "ए जागू, माझ्या हातचा नको? माझ्या हाताचं लोणचं सगळा सांडोर चाटून खातो."

जागृतीने तिचं मनगट धरलं. बोटं नाकाशी नेली. एकदा हुंगली, पुन्हा हुंगली, आणि डोळे मिटले. मग तिने तोंड उघडलं.

दुसरा घास. तिसऱ्या घासाला ती हसली.

"बघितलंस? हाताला चव लागते," अँजेला म्हणाली आणि वळली.

चंद्रकांता दारात उभी होती. ती पुढे आली, अँजेलाच्या शेजारी बसली आणि तिचा उजवा हात ओढून आपल्या नाकाशी धरला. भात, वरण, आणि त्यांच्याखाली जळका, कडवट, ओलसर वास. चाळीस वर्षं याच वासाच्या बोटांनी तिने पोरीला भरवलं होतं. ज्याने तिच्या नसा बुजवल्या, तोच पोरीने आईचा म्हणून ओळखला होता.

अँजेलाने हात हळूच सोडवून घेतला. तिला कळलं होतं. तिने तो झग्यात लपवायला नेला, मग जागृतीने तोंड उघडलेलं पाहून तसाच परत ताटात घातला. ताट रिकामं होईपर्यंत ती भरवत राहिली.

संध्याकाळी चंद्रकांताने विपुलला फोन केला. मंगळवारी नेत्रा कामावरून परस्पर आली. चंद्रकांताने अँजेलाकडून चिमूटभर मशेरी आणून तिच्यापुढे कागदावर ठेवली आणि काय ते सांगितलं. नेत्राला त्या वासाने शिसारी येई, घरात सर्वांना ते माहीत होतं. तिने बोटं त्या काळ्या पुडीत घोळवली आणि घास केला. जागृतीने हुंगलं. मग नेत्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं, आणि मान वळवली. नुसत्या पुडीचा वास वेगळा होता. तोंडात मुरलेल्या बोटाचा वास तिला हवा होता, आणि त्याला वर्षं लागतात.

"मी खरंच लावू का आई, दाताला?" नेत्राने विचारलं.

"वेडी आहेस काय," चंद्रकांता म्हणाली. मग तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली.

त्या रात्री ती कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. अँजेलाच्या स्वयंपाकघरात दिवा होता. मागायचं काय? तुझा शब्द मोड म्हणून? दाखल व्हायचे दिवस तीन, पण पुढे काय? परत आल्यावरही आपल्या बोटाला साबणाचाच वास येणार. पुन्हा लावायला लागले तर मोकळी केलेली नस वर्षभरात बुजेल, डॉक्टरने हात जोडून सांगितलं होतं. नाही लावली तर जागृती अशीच आटत जाणार. आणि अँजेलाने लावत राहायचं, तर तिच्या मांडीत, तिच्या मानेत काय चाललंय हे कोणी पट्टा गुंडाळून बघितलंय? अँजेला सदुसष्ट वर्षांची होती.

ती परत आली आणि पिशवीत दोन लुगडी, औषधं आणि आधार कार्ड भरलं. मग लुगडी पुन्हा बाहेर काढली. सकाळी पुन्हा भरली.

बुधवारी बारा वाजता विपुलने रिक्षा आणली. जागृती पडवीत बसली होती, रात्री राहिलेली नेत्रा आत होती. पहाटे तिने दोनच घास घेतले होते. चंद्रकांताने विपुलला म्हटलं, "परत पाठव रिक्षा. मी नाही येत."

"आई, पाय जाईल."

"जाऊ दे."

फाटक वाजलं. अँजेला चर्चमधून, मिस्सावरून थेट आली होती. आज झग्याऐवजी लुगडं होतं, डोक्यावर पदर, कपाळावर राखेचा क्रूस, घामाने जरा ओघळलेला. ती पडवीत चढली, खाली बसली, आणि एका दमात म्हणाली, "ताट आण नेत्रा. वाजले किती."

नेत्राने ताट आणलं. अँजेलाने ताट मांडीपुढे ओढलं आणि भात कालवला. जागृतीने वाकून तिची बोटं हुंगली.

जागृतीने तोंड उघडलं.

"आज लावलीस?" चंद्रकांताने विचारलं.

"मिस्साहून येताना. वाटेत."

"फादरना काय सांगितलंस?"

"फादरना कशाला सांगू? ते भरवणार आहेत हिला?" अँजेलाने दुसरा घास केला. "पोराचं दूध तोडतात ते काय एका दिवसात तोडतात गो? तू ये परत. मग बघू. आठवड्याला थोडी थोडी कमी करू, तिला कळणार नाही. दोघी बसून भरवू. एक घास माझा, एक तुझा."

"तुझा शब्द होता."

"राखेचा बुधवार पुढच्या वर्षीही येतो."

अँजेलाचा आज उपवास होता, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. जागृतीच्या हनुवटीवरून ओघळलेलं वरण तिने अंगठ्याने पुसलं आणि अंगठा पदराला लावला. "जा. रिक्षावाला शिव्या घालतोय."

चंद्रकांताने पिशवी उचलली. ती विपुलने घेतली. जागृतीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून ती वाकली, पण जागृती पुढच्या घासाकडे बघत होती, आणि तिने हात मागे घेतला. त्या घासाच्या मधे तिला यायचं नव्हतं.

ती पायरी उतरली. मागून जागृतीच्या मचमच खाण्याचा आवाज येत होता. फाटक तीस-चाळीस पावलांवर होतं. तिथे पोचेपर्यंत पोटरी एकदाही दुखली नाही, तरी ती दोनदा थांबली.